शब्दांची गंमत : 'ऑफ'ने घातलेला घोळ



आमच्या गोविंदपुरम्‌च्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात महाराष्ट्रातून बरीच मंडळी येतात. परवा अशाच एका सहलीचा इंग्रजी निरोप मी मराठीत करून दिला. त्यात होतं 'पुट ऑफ', मी लिहिलं 'रद्द'. एका आजींनी लगेच रेल्वेचं तिकीट रद्द केलं. सहल फक्त आठवडाभर पुढे गेली होती! आजींना पुन्हा तिकीट मिळेना. आणि मी म्हणे बी.ए. इंग्रजी.

तेव्हापासून मी क्रियापदाआधी त्याच्या शेपटाकडे बघते. 'ऑफ'मध्ये बहुतेकदा दूर जाणं किंवा सुटणं असतं. 'टेक ऑफ'मध्ये विमान जमीन सोडतं, 'कट ऑफ'मध्ये संबंध तुटतो. 'पुट ऑफ' म्हणजे ठरलेल्या दिवसापासून दूर ठेवलं, पुढे ढकललं. रद्द करणं म्हणजे 'कॉल ऑफ'. पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला हाक मारून मागे बोलावतात, तेही 'कॉल ऑफ'च. धाव तिथेच थांबली.

'अप' म्हणजे वर, हे पोरंही सांगतील. मग 'ईट अप'मध्ये वर काय जातं? काहीच नाही. इथे 'अप' म्हणजे पूर्ण, शेवटपर्यंत. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. आपण 'गोळी घेऊन टाक' म्हणतो तेव्हा गोळी कुठे फेकतो? शेजारच्या तमिळ काकू 'साप्पिट्टु विडु' म्हणतात. 'विडु' म्हणजे सोड, पण अर्थ तोच, खाऊन टाक. म्हणजे ही खोड एकट्या इंग्रजीची नाही.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, ते सरळ पाठच करावं. परक्यांना अशी क्रियापदं फार जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्येच आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्या कोशाची १७८४ची प्रत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, कुंभकोणमहून साधारण ४० किलोमीटरवर. सरफोजीराजांनी वाढवलेलं हे ग्रंथालय. हे वाचून माझी लाज थोडी कमी झाली.

आजींना शेवटी बसचं तिकीट मिळालं. मी नवीन निरोप दोनदा वाचून पाठवला.

आता तुम्ही सांगा, 'सेट ऑफ', 'गेट ऑफ' आणि 'शो ऑफ' यांतल्या कशात दूर जाणं दिसतं? 'शो ऑफ' मला अजून बसवता आलेलं नाही.