दंतकथेआडचे झेवियर

सेंट फ्रान्सिस झेवियर यांना गोव्यात प्रेमाने ‘गोंयचो सायब’ म्हणतात. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बासिलिकेत त्यांच्या शवाच्या दर्शनाला ख्रिस्ती येतात, तसे हिंदूही येतात. या श्रद्धेविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आहे : ज्यांना आपण वंदन करतो ते खरे झेवियर कोणते?

त्यांच्या दोन कथा सर्वतोमुखी आहेत. एक, देवकृपेने ते कोणत्याही देशाची भाषा न शिकता बोलत. दुसरी, समुद्रात पडलेला त्यांचा क्रूस एका खेकड्याने नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले, तेव्हा त्यांच्या चमत्कारांत या दोहोंची गणना झाली.

आता त्यांचीच पत्रे पाहा. १५४२ च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले व तेथून दक्षिणेच्या किनाऱ्यावर कोळ्यांत गेले. १५४४ च्या पत्रात ते सांगतात की, दुभाष्यांना हाताशी धरून मोठ्या कष्टाने प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि मग पाठ केल्या. १५४९ साली जपानहून ते लिहितात की, भाषा येत नसल्याने आपण लोकांत पुतळ्यांसारखे मुके आहोत. तेथे देवासाठी त्यांनी ‘दाइनिची’ हा शब्द योजला. तो बौद्धांच्या एका बुद्धाचे नाव आहे हे पुढे कळल्यावर त्यांनी तो टाकून दिला. भाषांचे वरदान लाभलेल्या माणसावर अशी वेळ कशी येईल? खेकड्याचा तर त्यांच्या पत्रांत उल्लेखही नाही. ती कथा त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी दिलेल्या साक्षीतून आली.

मात्र दंतकथा केवळ भक्तच रचतात असे नाही. गोव्याचे इन्क्विझिशन जणू झेवियर यांनीच चालविले, असे त्यांचे टीकाकार बोलतात. ते न्यायपीठ १५६० साली आले. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले होते. पण १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्यांनी त्याची मागणी केली होती, हेही तितकेच खरे. भक्तांनी हे पत्र झाकू नये, टीकाकारांनी तारखा विसरू नयेत.

कोणी म्हणेल, चमत्कार काढून घेतल्यावर संतात उरते काय? मला वाटते, पुष्कळ उरते. वरदानाने बोलणाऱ्याला कसले कष्ट? परक्या भाषेचे शब्द घोकणारा, चुकणारा आणि चूक सुधारणारा माणूस मला अधिक जवळचा वाटतो. त्या माणसाचे दोषही आपण पाहू शकतो, कारण तो आपल्यासारखाच हाडामांसाचा आहे. श्रद्धेला इतिहासाच्या प्रमाणपत्राची गरज नसेल; पण हे कोणी लिहिले व केव्हा लिहिले, एवढे विचारल्याशिवाय इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणतीही कथा, मग ती स्तुतीची असो वा निंदेची, स्वीकारू नये.