नॅनोचा फिल्टर आणि पवनेचे पाणी

गेल्या महिन्यात एका दुपारी पाण्याचे फिल्टर विकणारा एक तरुण आमच्या दाराशी आला. "काकू, हा साधा फिल्टर नाही, नॅनो टेक्नॉलॉजी आहे," असे त्याने सांगताच शेजारच्या काकांनी पेपरातून मान वर केली. काका मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. "नॅनो? ती केव्हाच बंद पडली की!" ते म्हणाले. आमच्या संत तुकारामनगरात नॅनो म्हटले की अजूनही २००८ साली जगापुढे आलेली ती चिमुकली गाडीच आठवते. विक्रेता बिचारा गोंधळला. पण घरोघरी पोचलेला हा शब्द खरोखर काय सांगतो, याचा विचार त्या निमित्ताने करावासा वाटला.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. वजन तेच, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. आता एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या. त्याचा सारा पृष्ठभाग मिळून अवघा सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर पृष्ठभागांची बेरीज सहा हजार चौरस मीटर होते. म्हणजे बोराएवढ्या धातूत जवळजवळ दीड एकर रान! जंतू मारणे असो की विषारी द्रव्य धरून ठेवणे असो, काम पृष्ठभागावरच चालते. नॅनोची सारी किमया इथे आहे.

या किमयेचा एक मोठा प्रयोग आपल्या पुण्याशी निगडित आहे. हडपसरच्या टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची स्वस्त पद्धत बसवली. त्या राखेवर चांदीचे नॅनोकण चढवून डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आला. किंमत हजार रुपयांच्या आत, वीज नको, नळाचा दाबही नको आणि एका बल्बमधून तीन हजार लिटर पाणी. गिरणीबाहेर ढिगाने पडणाऱ्या तुसाला चांदीची जोड देऊन गरिबाच्या स्वयंपाकघरात पोचण्याची ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. चांदीच्या कणांपासून सुटणारे आयन जिवाणूंचे आवरण आणि त्यांच्या आतले कारभार बिघडवतात. तांब्याचांदीच्या भांड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना आयन ठाऊक नव्हते, एवढेच.

पिंपरी-चिंचवडला अशा साधनाची गरज आहे, हे कुणी नाकारणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले आणि घरोघरी पिंपे, टाक्या, बादल्या यांची दाटी झाली. शुद्ध होऊन आलेले पाणीसुद्धा साठवणीत बिघडते. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा संशय बळावला, तेव्हा पाणी उकळूनच प्या, असे सगळ्यांना सांगावे लागले. पिणाऱ्याच्या ओठाशी जंतू अडवणारा फिल्टर घरात असला, तर बरेच. (आरओचे मात्र मला कोडे आहे. धरणाच्या, मुळातच क्षार कमी असलेल्या पाण्यासाठी तो लावायचा आणि पेलाभर पाण्यापायी दोन-तीन पेले मोरीत सोडायचे, तेही दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात!)

माझी तक्रार फिल्टरबद्दल नाही, तो बसवल्यावर येणाऱ्या निश्चिंतपणाबद्दल आहे. आपण प्यायचे पाणी घेतो रावेतला, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला, आणि निगडीत ते शुद्ध करतो. मग तीच पवना शहरातून वाहत येते, नाले पोटात घेते, दापोडीपाशी मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा, भीमा, उजनी आणि उजनीखाली पंढरपूर. तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला पहिला मुक्काम करते आणि पंढरीची वाट धरते. तुकोबांचे नाव लावणाऱ्या आपल्या नगराचे सांडपाणीही, वेगळ्या वाटेने, पंढरीलाच निघालेले असते. शेजारच्या इंद्रायणीवर आळंदीत साबणाच्या फेसाचे ढीग तरंगतात आणि वारकरी त्यातच स्नान करतात. माझ्या स्वयंपाकघरातली चांदी त्यांच्या काय कामाची?

नॅनोकण नदीत टाकून नदी शुद्ध होईल, अशी आशा कुणी दाखवली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. प्रयोगशाळेत चंचुपात्रातल्या स्वच्छ पाण्यात मिथिलीन ब्लूचा रंग घालतात आणि तो तासाभरात नाहीसा करून दाखवतात. नाल्यात मात्र रंगाबरोबर तेल, साबण, मैला, माती सारेच असते आणि कणांचा तो दीड एकर पृष्ठभाग त्या गाळाने पाहता पाहता लिंपून जातो. शिवाय टाकलेले कण परत गोळा कोण करणार?

ज्या ठिकाणी विष एकाच जातीचे आणि दाट असते, ते नॅनोचे खरे ठिकाण. उदाहरणार्थ, क्रोम प्लेटिंगची छोटी शेड. तिथल्या धुण्याच्या पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम असते, अतिशय विषारी. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. लोखंडाचे नॅनोकण या क्रोमियमला तीन संयुजेच्या, पुष्कळच सौम्य रूपात आणतात आणि मग ते गाळात बसवता येते. अर्थात फेरस सल्फेट आणि चुना वापरून हेच काम फार पूर्वीपासून होत आले आहे, तेही स्वस्तात. नॅनोचा उपयोग व्हावा तो त्यानंतर उरणारा शेवटचा अंश काढण्यासाठी, जागेची अडचण असलेल्या शेडमध्ये. म्हणजे अडले आहे ते विज्ञानापाशी नाही. दहा बाय वीसच्या शेडमध्ये उधारीवर माल काढणाऱ्या माणसाला चुन्याचा खर्चही जड वाटतो. त्याच्याकडून सुटे भाग घेणारे मोठे कारखाने भावात पैशापैशाची घासाघीस करतात, पण पाणी कुठे सोडतोस, असे विचारताना मी तरी कुणाला ऐकले नाही. तो खर्च भावात धरला पाहिजे आणि चार-सहा शेडना मिळून एक सामाईक टाकी महापालिकेने व उद्योगखात्याने उभी करून दिली पाहिजे. धाड घालून शेड हलवली, तर नाला फक्त गाव बदलतो.

फिल्टर मी घेतला. पैसे मोजता मोजता त्या तरुणाला विचारले, "कार्ट्रिज संपली की जुनी कुठे टाकायची?"

"कचऱ्यात टाका, काकू."

"ओल्या की सुक्या? त्यात चांदी आहे, आणि गाळलेली घाणही."

तो क्षणभर थांबला. "कंपनीत विचारून सांगतो," म्हणाला आणि नंबर लिहून घेऊन गेला. त्याचा फोन अजून आलेला नाही. काका रोज आठवणीने विचारतात.