गोलरक्षकाचा ताळेबंद

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने फुटबॉलविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या श्रमाचे फळ ‘काहीच घडले नाही’ एवढेच असते, त्याचे मोल समाजाने कसे ठरवावे, हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचाच आहे. पोर्तुगालचा गोलरक्षक रिकार्डो याच्या कारकिर्दीत त्या प्रश्नाचे मर्म सापडते.

बेनफिका, स्पोर्टिंग आणि पोर्टो या तीन क्लबांची पोर्तुगीज विजेतेपदावर जवळजवळ मक्तेदारीच आहे. बेलेनेन्सेसने १९४६ साली ती मोडली होती. त्यानंतर २००१ साली बोआव्हिस्टाने मोडली. त्या बोआव्हिस्टाचा गोलरक्षक होता रिकार्डो. पुढे २४ जून २००४ रोजी लिस्बनमध्ये युरोपीय स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व सामन्यात त्याने हातमोजे काढून टाकले, इंग्लंडच्या व्हॅसेलची पेनल्टी उघड्या हातांनी अडवली आणि लगेच स्वतः चेंडू मारून विजयी गोल केला. २००६ च्या विश्वचषकात त्याच इंग्लंडच्या तीन पेनल्टी त्याने अडवल्या. विश्वचषकातील एका शूटआउटमध्ये असा पराक्रम पूर्वी कोणीही केला नव्हता.

तथापि त्या विजयानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ४ जुलै २००४ रोजी, अंतिम सामन्यात एका कॉर्नरवर तो पुढे धावला, चेंडू मात्र हाती लागला नाही. ग्रीसच्या खारिस्तेअसने डोक्याने गोल केला आणि पोर्तुगाल हरला. पोर्तुगालला त्या सामन्यात एकही गोल करता आला नव्हता. तरीही बोट रोखले गेले ते गोलरक्षकाकडे.

अशा हिशेबाचा परिणाम वर्तनावरही होतो. इस्राएली संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या २८६ पेनल्टींच्या अभ्यासात असे आढळले, की मध्यभागी उभे राहणे अधिक लाभाचे असूनही गोलरक्षक बहुतेक वेळा डावी-उजवीकडे झेप घेतात. कारण उघड आहे. झेप घेऊन गोल झाला, तर ‘प्रयत्न तरी केला’ असे म्हणतात. उभे राहून झाला, तर निष्क्रियतेचा ठपका येतो.

सार्वजनिक जीवनातही आपण हेच करतो. साथ पसरल्यावर धावणाऱ्याचा सत्कार होतो. साथ येऊच न देणाऱ्या लसटोचकाचे नाव कोणास ठाऊक नसते. धरणाची वेळेवर डागडुजी करणाऱ्या अभियंत्यापेक्षा पूरग्रस्तांना मदत वाटणारा पुढारी मोठा ठरतो. मग अंदाजपत्रकात देखभालीच्या तरतुदीला पहिली कात्री लागली, तर नवल ते काय?

चुकीचा जाब विचारू नये, असे मुळीच नाही. परंतु ताळेबंदाला दोन बाजू असतात. टळलेले नुकसान जमेच्या बाजूस मांडण्याची सवय जोवर आपण लावून घेत नाही, तोवर रक्षणकर्ते रक्षणाऐवजी झेप घेण्याचा देखावाच करीत राहतील. आणि त्याची किंमत अखेर प्रेक्षकांनाच मोजावी लागेल.