अजिंक्य

एकूण लढती ४९. जिंकल्या ४९. हरल्या शून्य, बरोबरीत सुटल्या शून्य. रॉकी मार्सियानो या अमेरिकन मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे हा हिशेब लिहिलेला आहे. वजनदार गटाचे जगज्जेतेपद मिळवायचे, ते राखायचे आणि व्यावसायिक कारकीर्दीत एकदाही न हरता हातमोजे खुंटीला टांगायचे, हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. महंमद अली हा केवढा मोठा माणूस! पण त्याच्याही खात्यावर पाच पराभव आहेत.

उभे आयुष्य बँकेत आकड्यांशी संसार केल्यामुळे ताळेबंदात शून्य दिसले की माझे बोट ते पुसून पाहायला शिवशिवते. ज्या शाखेची थकबाकी शून्य, तिचा मॅनेजर एक तर देवमाणूस असतो, नाही तर त्याने कर्ज देणेच बंद केलेले असते. मार्सियानोच्या बाबतीत यातले दुसरे मुळीच खरे नाही, हे आधी सांगून टाकतो. ब्रॉक्टन या बुटांच्या कारखान्यांच्या गावातला, इटलीहून आलेल्या कामगाराचा हा मुलगा. वजनदार गटाच्या मानाने बुटका, हाताचा पल्ला फक्त ६८ इंचांचा. म्हणजे समोरच्याचा ठोसा याच्या नाकावर बसणार आणि याचा हात त्याच्या हनुवटीपर्यंत पोचणारही नाही, अशी अवस्था. म्हणून हा वाकून आत शिरायचा, दोन खायचा आणि एक द्यायचा. ती एक पुरायची. ४९ पैकी ४३ गडी त्याने मुदतीआधीच गारद केले.

तरीही ते शून्य किती पातळ आहे, ते आत गेल्यावर दिसते. १९५० च्या मार्चमध्ये रोलँड लास्टार्झाशी झालेल्या लढतीत पंचांचे एकमत झाले नव्हते. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवले. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा गुणांत मार्सियानो मागे होता आणि तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताने जगज्जेतेपद आणले. तो ठोसा चार बोटे इकडे-तिकडे झाला असता, तर आज मी हा लेख लिहीत नसतो. त्याआधीच्या वर्षी त्याने जो लुईसला आठव्या फेरीत दोऱ्यांच्या बाहेर लोटले होते. लुईस तेव्हा ३७ वर्षांचा होता, आणि सरकारचा थकलेला प्राप्तिकर डोक्यावर असल्यामुळे निवृत्तीनंतर पुन्हा उतरला होता. त्या रात्री मार्सियानो रडला, असे सांगतात. लहानपणापासून ज्याला देव मानले, त्यालाच पाडल्यावर दुसरे काय होणार?

आणखी एक बारीक अक्षरातली नोंद. हौशी मुष्टियोद्धा म्हणून मार्सियानो हरलेला होता. पण ते खाते वेगळे. व्यावसायिक झाल्यावर नवी वही उघडायची आणि जुनी बाकी ओढायची नाही, असा त्या धंद्याचा रिवाज. आमच्याकडे ऑडिटरने हे चालू दिले नसते.

जाता जाता, या गृहस्थाचा बँकांवर काडीचा विश्वास नव्हता. पैसे रोखीत घ्यायचे आणि कुठे कुठे लपवून ठेवायचे. १९६९ साली, ४६ वा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, तो विमान अपघातात गेला. त्यातला बराचसा पैसा घरच्यांना कधी सापडलाच नाही. एका बँकवाल्याला याचे जितके वाईट वाटते, तितके त्याच्या फुटलेल्या नाकाचे वाटत नाही.

हे सगळे मी साताऱ्यात बसून लिहितो आहे आणि समोर अजिंक्यतारा आहे. या नावाची गंमत साताऱ्याच्या माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसते. १७०० साली औरंगजेबाने कित्येक महिने वेढा घालून हा किल्ला घेतला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले. पुढे ताराराणींच्या काळात मराठ्यांनी तो परत घेतला आणि त्याला अजिंक्यतारा हे नाव मिळाले. म्हणजे किल्ला ‘अजिंक्य’ झाला तो एकदा हातचा जाऊन परत आल्यावर. आमच्या मुलखात या शब्दाचा अर्थच थोडा निराळा आहे.

आपल्याकडे मुष्टियुद्ध रुजले नाही. त्याची जागा कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात कुस्तीने केव्हाच घेतलेली होती. पैसे घेऊन लढणारा, भारी वजनाचा आणि न हरलेला, असा मार्सियानोचा जोड हिंदुस्थानात शोधायचा तर गामा पैलवानाचेच नाव घ्यावे लागते. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को या पोलंडच्या मल्लाने गामाच्या धास्तीने बहुतेक सगळी कुस्ती पोटावर पडून काढली. दोन-अडीच तासांनी ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा लढत ठेवली, तर हा आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळ्याला मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. गामाच्या खात्यावर हार नाही, बरोबरी मात्र आहे, आणि कुस्तीच्या शौकिनाला त्या बरोबरीबद्दल बोलायलाच जास्त आवडते.

पण सांगली-साताऱ्यात माणसे ज्यांच्या नावाने टोपी काढतात, ते गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. एक १९६० चा हिंदकेसरी, दुसरा १९६४ चा. १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदक आणले, आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये आणि मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये. आणि त्याच जकार्तात उरलेल्या दुसऱ्या प्रकारात दोघांनाही रौप्यावर थांबावे लागले. आंदळकर १९६४ ला टोकियोच्या ऑलिंपिकला गेले आणि पदकाविना परतले. माने १९७० ला एडिंबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा दुसरे आले. म्हणून पुनवतच्या किंवा कवठेपिरानच्या पारावर कोणी त्यांना ‘जवळजवळ अजिंक्य’ म्हणाला असेल, असे मला वाटत नाही. ते हिंदकेसरी होते. बास. पुढे आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरे घडवली आणि २०१८ साली ते गेले, तेव्हा ती पोरे स्वतः म्हातारी वस्ताद झालेली होती.

हा फरक कुस्तीच्या मैदानाच्या पोस्टरवर डोळ्यांना दिसतो. अमेरिकेत मुष्टियोद्ध्याच्या नावाला त्याचे आकडे चिकटलेले असतात, इतक्या जिंकल्या, इतक्या हरल्या. आपल्याकडे पैलवानाच्या फोटोखाली तालमीचे नाव असते, ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ असते, गाव असते. हार-जीत छापत नाहीत. कारण कोणाच्याच लक्षात नसते असे नव्हे. मैदानाला आलेल्या म्हाताऱ्यांना कोण कोणाला कोणत्या डावावर पडला, हे दहा-दहा वर्षे पाठ असते. पण त्यावरून पुढच्या कुस्तीची बिदागी ठरत नाही. कुस्ती निकाली झाली का आणि मजा आली का, यावरून ठरते.

व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र ते शून्य हेच भांडवल. ते मोडले की किंमत उतरते. मग ते जपायचे. मॅनेजर कच्चे गडी शोधतो, तयार गड्याला तारीख देत नाही. मार्सियानोचा मॅनेजर अल वेल काही काळ न्यूयॉर्कच्या मोठ्या संस्थेत जोडी लावण्याचे कामही करत असे. हे म्हणजे कर्जदारानेच कर्ज मंजूर करण्यासारखे झाले. मार्सियानो त्यातून उजळ माथ्याने बाहेर आला, कारण शेवटी शेवटी समोर येतील ते सगळे त्याने घेतले. पण तोही ३२ व्या वर्षी थांबला. आणखी दोन वर्षे खेळता तर काय झाले असते? लॅरी होम्स ४८ जिंकून ४९ व्या लढतीला उभा राहिला, ३६ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आणि १९८५ साली तिथेच हरला.

जोड चुकवणारे वस्ताद आपल्याकडे नाहीत, असा माझा दावा नाही. आहेत. पण जत्रेचे मैदान असे असते की फार काळ चुकवता येत नाही. औंध, पुसेगाव, कुंडल ही मोठी नावे सोडा. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा असतात. हलगी वाजते, शड्डू ठोकत पोरगा आखाड्यात फेरी मारतो आणि ज्याला तो झेपेल असे वाटते, तो उठून हात मिळवतो. पंच दोघांना उभे करून अंगलट बघतात आणि चारचौघांत जोड लावतात. सगळे उघड्यावर. रविवारी पडलेला पोरगा बुधवारी दुसऱ्या गावात उभा असतो.

याचा हिशेब मला एका म्हशीमुळे कळला. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत असताना एका शेतकऱ्याला दुभत्या जनावरासाठी कर्ज दिलेले होते. तपासणीला गेलो. म्हैस होती, दावणीला होती, चांगली दहा लिटरची होती. पण डेअरीच्या कार्डावर दुधाचा थेंब नव्हता. विचारले, तर म्हातारा शांतपणे म्हणाला, “समदं पोराला घालतोय सायेब. तालमीत हाय.” हप्ते मात्र वेळेवर येत, कारण ते इनामाच्या पैशातून येत. दुधाचे पैसे व्हायचे ते पोराच्या अंगातून फिरून. ज्या योजनेत ते कर्ज होते, तिच्या फॉर्ममध्ये हा व्यवसाय लिहायला रकाना नव्हता.

एका सोमवारी म्हातारा हप्त्याशिवाय आला.

“सायेब, पोरगं पडलं.”

“कुठं?”

“जत्रंत. ढाकंवर गेलं. चांगला गडी व्हता समोर.”

“मग?”

“मग काय? ऐतवारी दुसरं मैदान हाय. एक हप्ता थांबा, येवढंच सांगाया आलो.”

त्याच्या आवाजात लाज नव्हती. पाऊस लांबला, असे सांगावे तसे त्याने सांगितले. आठ दिवसांनी पैसे आले. पुढे तो पोरगा हिंदकेसरी वगैरे काही झाला नाही. पाच-सहा वर्षे खेळला, किती जिंकल्या किती हरल्या कोणी मोजले नाही, मग उसाच्या शेतीला लागला. कर्ज मात्र पुरे फिटले.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव इथे न घेता पुढे जाता येणार नाही. ते हलक्या वजनाचे, पण माती तीच. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. सहाव्या नंबरच्या गड्यासाठी घर! कोणत्या बँकेने हा धोका पत्करला असता? हेलसिंकीत खाशाबा जपानच्या इशीकडून हरले आणि सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोव्हकडूनही हरले, आणि ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तारीख २३ जुलै १९५२. मार्सियानो जगज्जेता झाला तो बरोबर दोन महिन्यांनी. बैलगाड्यांच्या मिरवणुकीतून गावाने खाशाबांना आणले, तेव्हा त्या दोन हरलेल्या कुस्त्यांची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. नंतर सरकारनेही फारशी चौकशी केली नाही, पण तो निराळा विषय. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

हे सारे आज लिहावेसे वाटले, कारण आमच्या मातीतही आता शून्याची किंमत वाढू लागली आहे. बक्षिसाला मोटार असते. लहानशा गावातली कुस्तीसुद्धा कोणीतरी मोबाईलवर टिपतो आणि पोरगा उठून माती झाडेपर्यंत त्याची पाठ टेकलेली जिल्हाभर पोचते. खुराकाचा खर्च एका म्हशीत भागत नाही. बापाने शेत विकलेले असते, आणि शेत विकून आलेला पोरगा एका पराभवाकडे पाऊस लांबल्यासारखा पाहू शकत नाही. इंजेक्शनाच्या सुया तालमींत शिरल्या, त्या याच वाटेने. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत पाठ टेकली की नाही, यावरून पंचाला लाथ बसली आणि दोघा पैलवानांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. निर्णय चूक की बरोबर, हे मी इथे उकरत नाही. पंचही चुकतात. मी पाहतो ते एवढेच, की चुकीच्या निर्णयावर हरणे हीसुद्धा पूर्वी पुढच्या मैदानापर्यंतचीच गोष्ट होती.

मैदानाची सुरुवात अजून मात्र जुन्याच रीतीने होते. मोठ्या जोडी संध्याकाळी. दुपारी उन्हात पाच-सहा वर्षांची पोरे आणतात, लंगोट आवळतानाही ज्यांना कोणीतरी धरावे लागते. ती एकमेकांना ओढतात, दोघेही पडतात, कोण वर आणि कोण खाली ते पंचालाही नीट कळत नाही. मग पंच दोघांचेही हात वर करतो आणि दोघांच्याही ओंजळीत रेवड्या घालतो.