क्लब मेला, फॅन्स नाही मेले!

ला लीगा म्हटलं की आपली गाडी रियल माद्रिद आणि बार्सिलोनाच्या पुढे जात नाही. हॉस्टेलवर रात्री एक वाजता भांडणं होतात तीही याच दोघांवरून. पण मला आज अशा क्लबविषयी बोलायचंय, ज्याची जर्सी आपल्याकडे फॅशन स्ट्रीटवरसुद्धा मिळणार नाही. कारण तो क्लबच आता नाही.

युनियन देपोर्तिव्हा सालामांका. सालामांका हे स्पेनमधलं विद्यार्थ्यांचं शहर. तिथलं विद्यापीठ 1218 सालचं, म्हणजे कट्टा, कॅन्टीन, नाइट आउट या बाबतीत आपले आठशे वर्षांचे सीनियर! या शहराचा क्लब 1923 मध्ये सुरू झाला. पांढरा शर्ट, काळी चड्डी. नव्वद वर्षांत बारा सीझन पहिल्या डिव्हिजनमध्ये, बाकीचे खाली. लहान क्लब, पण कच्चा लिंबू नाही. 1997-98 च्या सीझनमध्ये यांनी व्हॅलेन्सियाला 6-0 धुतलं आणि त्या वर्षी चॅम्पियन झालेल्या बार्सिलोनाला 4-3 हरवलं.

मग उतरण लागली. 1999 मध्ये पहिली डिव्हिजन सुटली, 2011 मध्ये दुसरी. कर्ज वाढत गेलं आणि 2013 च्या जूनमध्ये क्लब चक्क बरखास्त झाला. नव्वदीचा सोहळा करायच्या वर्षी मालमत्तेचा लिलाव!

आता कुणी म्हणेल, पैसे नव्हते, बंद पडला, त्यात काय एवढं? दुकानंही बंद पडतात. माझा वाद नेमका इथेच आहे. क्लब हे दुकान आहे का? 1990 मध्ये स्पेनने कायदा केला की प्रोफेशनल फुटबॉल क्लबांनी शेअर्स असलेली कंपनी व्हायचं. हेतू चांगला होता, क्लबांच्या उधारीला चाप बसावा. ज्यांचे हिशेब ठीक होते असे चारच क्लब सुटले: रियल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. ते आजही सदस्यांचेच आहेत. बाकीच्यांचे मालक बदलत राहिले, आणि कर्ज काही सगळ्यांचं थांबलं नाही. मालक चुकला तरी तो दुसरा धंदा करतो. स्टँडमध्ये बसणारा कुठे जाणार?

सालामांकाचे फॅन्स मात्र रडत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी वर्गणी काढून स्वतःचा क्लब काढला, युनियोनिस्तास दे सालामांका. नियम एकच: एक सदस्य, एक मत. शहराचे सुपुत्र आणि 2010 चा वर्ल्ड कप जिंकून देणारे कोच व्हिसेन्ते देल बॉस्केही त्याचे सदस्य आहेत. सुरुवात अगदी तळातून, जिल्हा पातळीच्या लीगमधून. 2018 पर्यंत तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. जुनं एल्मांतिको स्टेडियम दुसऱ्यांकडे गेलेलं, म्हणून हे शेजारच्या अ‍ॅथलेटिक्स ट्रॅकच्या मैदानावर खेळायचे. आपल्याच घराच्या भिंतीला लागून भाड्याने राहायचं, असं काहीतरी. तिथेच 2020 च्या जानेवारीत कोपा देल रेमध्ये रियल माद्रिद आलं. 1-3 हरले, पण आल्वारो रोमेरोने लांबून मारलेला गोल एकदा बघाच. 2024 मध्ये व्हिलारियालला पेनल्टीवर बाहेर काढलं, ते वेगळंच.

सगळं गोडगोड आहे असं नाही. जुन्या स्टेडियमवर आता दुसरा, खासगी मालकांचा क्लब खेळतो आणि गावाचे फॅन्स दोन तंबूंत वाटले गेलेत. वर्गणीच्या पैशांत स्टार विकत घेता येत नाही, प्रमोशनला वेळ लागतो. पण एका रात्रीत कुणी कुलूप लावू शकत नाही, हे काय कमी आहे? 2022 च्या नव्या कायद्यात तर कंपनी होण्याची सक्तीही गेली.

हे सगळं मला का लागतं, सांगते. मी शाळेत असताना आमच्या शहरातही एक टीम होती. बाबांकडे हट्ट करून मॅचला गेले होते, घसा बसेपर्यंत ओरडले होते. एक दिवस टीम गेली. का, कुठे, आम्हाला कुणी विचारलंही नाही. माझा स्कार्फ अजून कपाटात आहे.

तेव्हा आम्ही काय केलं? दोन स्टोरी टाकल्या, रडके इमोजी लावले आणि इंग्लंडच्या क्लबांकडे वळलो. ही चूक माझीही आहे. म्हणून एकच म्हणणं: रात्री एकला बार्सिलोनासाठी जागा, जरूर जागा. पण रविवारी गावच्या, कॉलेजच्या, तालमीच्या टीमची मॅच असेल तर तिथेही जा. वर्गणी मागितली तर शंभर रुपये द्या, आणि हिशेबही मागा. हिशेब मागणारे फॅन्स असले की क्लब जरा जास्त जगतो.