उसना घेतलेला रविवार

नांदगाव खंडेश्वरसारख्या वऱ्हाडांतील तालुक्याच्या गांवीं गुढीपाडव्याला सालगडी ठेवण्याची चाल जुनी आहे. एकदां साल ठरलें, कीं त्या वर्षाची पहाट आणि सांज दोन्ही मालकाची. या चालीची थोरवी गावी असें तींत कांहीं नाहीं. पण निदान सौदा उघड असे. नवल वाटतें तें याचें, कीं मासिक वेतन घेणाऱ्या कारकुनास, शिक्षकास, पेढीवरील हिशेबनिसास याच मापानें मोजणारे गृहस्थ स्वतःस सुधारक म्हणवितात. “पगारी माणसास तासांचा हिशेब कसला?” असा त्यांचा सवाल असतो.

पण हा हिशेब प्रथम मांडतें कोण? दहा मिनिटें उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाची रजा कापणारी कचेरीच ना? मग सकाळीं मिनिटें मोजणारें घड्याळ सायंकाळीं मुकें कां व्हावें? वेतन कामाचें असतें, आयुष्याचें नव्हे.

मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें १० जून १८९० रोजीं रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढें १९४८ च्या कारखाना कायद्यानें ठरविलें, कीं बुडालेली साप्ताहिक सुट्टी त्याच महिन्यांत अथवा त्यापुढील दोन महिन्यांत परत मिळावी. वेळेचें ऋण वेळेनें आणि मुदतींत फेडावें, हें तत्त्व अशा रीतीनें यंत्रापाशीं उभ्या असलेल्या मजुरास लाभलें. मेजापाशीं बसलेल्या पगारदाराच्या वाट्यास मात्र बहुधा वरिष्ठांची मर्जीच येते. राज्य शासनाच्या कचेऱ्यांस २९ फेब्रुवारी २०२० पासून पांच दिवसांचा आठवडा मिळाला. शाळा, पोलीस, रुग्णालयें त्यांतून वगळलीं गेलीं. ज्यांस शनिवार मिळाला, त्यांचाहि तो निवडणुकीच्या अगर मार्चअखेरच्या कामीं लागला, तर त्याच्या परतीची तारीख कोणी सांगावी?

कोणी म्हणेल, पैसे द्या म्हणजे झालें. आमच्या भागांतील पुष्कळ पगारदारांच्या घरीं चार एकर कपाशी किंवा सोयाबीन असतें. मृगाच्या पावसानंतर वाफसा आला आणि त्याच रविवारीं कचेरीनें बोलाविलें, तर हुकलेली पेरणी जादा भत्त्यानें साधत नाहीं. कोणी म्हणेल, सुट्ट्या दिल्यास काम तुंबेल. जें काम नेहमींच रविवार खाऊन पुरें होतें, त्याला आणखी एक माणूस हवा आहे, हें कबूल करण्याचें टाळण्यासाठींच हा युक्तिवाद आहे. आणि “आमचे साहेब मनाचे मोठे, मागितली कीं देतात,” असें सांगणाऱ्यांस एवढेंच विचारावें, कीं साहेबांची बदली झाली म्हणजे काय?

उपाय साधा आहे. ज्या कागदावर सुट्टीच्या दिवशीं हजर राहण्याचा हुकूम निघेल, त्याच कागदावर बदली सुट्टीची तारीख असावी. ती दोन महिन्यांच्या आंतली असावी. मुदत टळल्यास सुट्टी बुडूं नये, दुप्पट व्हावी. सावकारहि मुदत टळली कीं व्याज लावतो. मग वेळेच्या ऋणकोसच सूट कां?

पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवणें आमच्याकडे पाप मानतात. त्या विसाव्यासाठीं बैलाला अर्ज करावा लागत नाहीं, कारण त्याचा दिवस पंचांगांत लिहिलेला आहे. माणसाचाहि दिवस तसाच लिहिलेला असावा, याहून अधिक आमचें मागणें नाहीं.