मामूंची रिळं भंगारात गेली

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो. 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला, म्हणजे कॅमेरा ही मुसलमानांची देणगी. खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागते. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही, म्हणून सांगतो: शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. उर्दूतला 'कमरा'सुद्धा तिथूनच, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग केले, हे मात्र खरं आहे. त्याला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू कशाला?

माझा राग वेगळाच आहे. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी माझ्या मामूंना आयुष्यभर 'फुजूल शौकवाला' म्हणून हिणवलं.

मामू शिंपी होते. तरुणपणी त्यांनी आगफा क्लिक थ्री हा साधा डबा कॅमेरा जुन्यात घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. शिवणकामाच्या मापांच्या वहीतच मागच्या बाजूने ते उर्दूत नोंदी लिहायचे: रोल कितवा, फ्रेम कितवी, ऊन कसं, काय चुकलं. पुढे मीटर नसलेला दुसरा कॅमेरा आला, तेव्हा शंभरच्या फिल्मला लख्ख उन्हात छिद्र सोळावर आणि शटर सव्वाशेवर, हा हिशोब त्यांनी पाठ केला. गावातल्या स्टुडिओवाल्याने डार्करूम शिकवली. मग रात्री घरच्या मोरीत लाल बल्ब लागायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापतं की फिल्मवरचा थर मऊ पडतो, म्हणून मामू ट्रेभोवती बर्फ ठेवायचे. मामी त्या बर्फाबद्दल जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोक दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, "कमाई किती?" दुसरा, "जायज आहे का?" दुसऱ्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला तस्वीर नको वाटते त्याने काढू नये, मी त्याचा आदर करतो. पण उमऱ्याला जाऊन दिवसाला वीस सेल्फी टाकणाऱ्याने मामूंना मसला शिकवू नये. पहिला प्रश्न मात्र मीही विचारलाय. बीएड करून नुकता नोकरीला लागलो होतो, शहाणपण उतू जात होतं. म्हणालो, "मामू, इतक्या वर्षांचा हिशोब केलात तर एक खोली बांधून झाली असती." ते हसले आणि मला उजेडाकडे तोंड करून बसायला सांगितलं.

या शौकातून काय मिळतं ते ईदला कळायचं. ईदगाहवर सगळे पांढऱ्या कपड्यांत. कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्याला फसतं आणि सगळी सफ राखाडी करून टाकतं. काळ्या बुरख्याला उलट फसतं, कापड फिकं पडतं आणि चेहरा पांढराफटक. मीटरचं कधी ऐकायचं आणि कधी नाही, हे मामूंना कळायला कित्येक ईद गेल्या. त्यांच्या फोटोत माणसं दिसायची. कुणाची बटणं चुकीची लागलेली, कुणाचं पोर सजद्यात झोपलेलं.

आता वर्तमानपत्रं उघडून बघा. आपण त्यात दोनदा छापून येतो, रमजानात फळांच्या ताटासोबत आणि तणावाच्या बातमीत पोलिसांसोबत. टोपी, बुरखा, मिनार, संपलं. आम्ही तक्रार करतो की बाहेरचे आमचं असंच चित्र काढतात. बरोबर आहे, तक्रार करायलाच हवी. पण आमच्यातला एक माणूस पंचेचाळीस वर्षं घरातली भांडणं, परीक्षेचा अभ्यास, लग्नातल्या देगा, दुकानात पेंगणारे म्हातारे टिपत होता, त्याला आम्ही काय दिलं? कॅमेरा हातात घेणारी मुलगी असती तर विचारायलाच नको.

मामू गेले आणि चाळिसाव्यानंतर घर साफ झालं. निगेटिव्हचे चार पत्र्याचे डबे भंगारवाल्याला दिले गेले. डब्यांचे पैसे आले, आतल्याचं वजन कुणी धरलं नाही. मला आठवड्याने कळलं. भंगारवाल्याकडे गेलो तर डबे पुढे गेले होते, रिळं त्याने जाळून टाकली होती. त्याची चूक नाही. आम्हीच कचरा म्हणून दिलं होतं, आणि 'आम्ही'मध्ये मीही आलो. मी दोन गल्ल्या सोडून राहतो.

वही वाचली, कारण तिच्यात गिऱ्हाइकांची मापं होती. शेवटची नोंद मोबाइलची आहे, एकाहत्तराव्या वर्षी लिहिलेली: चेहऱ्यावर बोट टेकवून खाली ओढलं की उजेड कमी होतो, बुरख्याला हे करावं.

नानीचा आमच्या घरात एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात ती घाबरलेली दिसते. वहीत लिहिलंय: रोल ४१, फ्रेम ७. अम्मा, अंगणात, सकाळचं ऊन डावीकडून. हसताना. चांगला आला.